‘अमेरिकेत 40 तासांत पायलट’: त्या मेसेजबद्दल खुलासा

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर ‘अमेरिकेत 40 तासांत पायलट व्हा, निम्म्या खर्चात’ असा मेसेज फिरतोय. तो दिशाभूल करणारा आहे. 40 तास उड्डाण ही तिथल्या प्रायव्हेट (हौशी, खासगी उड्डाणाच्या) लायसन्सची किमान अट. त्यावर पगार घेऊन विमान उडवता येत नाही. भारतात कमर्शियल (पगारी पायलटच्या) लायसन्सला 200 तास उड्डाण लागतं, वर डीजीसीए या सरकारी विमान नियामक संस्थेच्या परीक्षा आणि क्लास 1 मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची कडक वैद्यकीय तपासणी.

अमेरिकेत उड्डाण स्वस्त पडतं, हे मात्र खरं. इंधनावर कर कमी, कितीतरी छोट्या विमानतळांवर लँडिंगचे पैसेच नाहीत. युरोपात बहुतेक ठिकाणी उतरलं की पावती फाटते. पण राहणं-खाणं, व्हिसा, परतल्यावर लायसन्स बदलून घेणं, हा खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही. पालकांनो, शेत गहाण टाकण्याआधी संस्थेकडून पूर्ण 200 तासांचा खर्च लेखी मागा.