हायब्रिड म्हणजे 'बॅलन्स्ड' गांजा? कोणी सांगितलं?

धाकट्या भावाने परवा एक फॉरवर्ड पाठवला, बराच फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. "इंडिकाने अंग सैल पडतं आणि झोप लागते, सॅटिव्हाने डोकं तरतरीत होतं, हायब्रिडमध्ये दोन्हीचे फायदे आणि टीएचसी-सीबीडीचा बॅलन्स, म्हणून नवख्यांनी बिनधास्त हायब्रिड घ्यावं, सवय लागत नाही." खाली त्याचा प्रश्न, "दादा, मला झोप येत नाही, इंडिका जास्त असलेलं हायब्रिड ट्राय करू का?" माझं डोकंच फिरलं. (टीएचसी म्हणजे गांजातलं नशा चढवणारं रसायन, सीबीडी म्हणजे त्यातलंच नशा न चढवणारं.)

इंडिका आणि सॅटिव्हा या गांजाच्या दोन जाती म्हणून सांगतात, त्यांचं आधी. झाडं दिसायला वेगळी असतात, हे खरंय. इंडिका बुटकं रुंद पानांचं, सॅटिव्हा उंच बारीक पानांचं. पण पानाच्या रुंदीवरून कोणाला झोप येईल हे कळत नाही, आणि इतकी वर्षं संकर करून करून आज विकलं जाणारं जवळपास सगळंच मिश्र आहे. २०२२ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान-नियतकालिकात अमेरिकेतल्या सहा राज्यांमधल्या जवळपास ९०,००० नमुन्यांचा अभ्यास आला. इंडिका, सॅटिव्हा, हायब्रिड ही लेबलं आणि आतली रसायनं यांचा नीट मेळच लागत नाही, इंडिका लिहिलेल्या नमुन्यातले सुगंधी घटक हायब्रिडवाल्यासारखेच निघू शकतात. काही काही स्ट्रेन्सची (म्हणजे ठरावीक नावाने विकल्या जाणाऱ्या वाणांची) नावं त्यातल्या त्यात सातत्याने जुळली, तेवढं मान्य करतो. पण फॉरवर्डमध्ये स्ट्रेनबद्दल एक अक्षर नाहीये, तीन खोके करून त्यात सगळं कोंबलंय.

झोपेचं अर्धंच सांगितलंय. टीएचसीने सुरुवातीला डोळा लवकर लागू शकतो, ठीक. पुढे शरीराला सवय होते, डोस वाढतो, आणि बंद केलं की झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात, चिडचिड होते. मग तोच माणूस म्हणतो, बघा, याच्याशिवाय मला झोपच येत नाही! अरे ही विथड्रॉवलची लक्षणं आहेत, डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात २०१३ पासून नोंदवलेली, म्हणजे "सवय लागत नाही" हेही तिथेच संपलं. जुन्या निद्रानाशावर सीबीटी-आय ही झोपेच्या सवयी बदलणारी बिनगोळीची थेरपी आधी सुचवली जाते, भावाला डॉक्टरकडे जाऊन तीच विचार म्हटलंय.

आता तो बॅलन्स. सगळ्यात जास्त राग मला याचाच आलाय कारण नवखा माणूस यानेच फसतो. हायब्रिड म्हणजे झाडाचे आईबाप वेगवेगळ्या वाणांचे, बस एवढंच. टीएचसी किती आणि सीबीडी किती, याचा त्या शब्दाशी काहीएक संबंध नाही. झाड एकाच कच्च्या मालापासून, सीबीजीएपासून, दोन्हीचे मूळ पदार्थ बनवतं, कुठलं एन्झाइम काम करतंय त्यावर काय जास्त होणार ते ठरतं. आईबाप दोघंही टीएचसीवाले असतील तर रोपही टीएचसीवालंच निघणार, मग एक इंडिका असो नाहीतर सॅटिव्हा. पाकिटावर हायब्रिड आणि आत टीएचसी २० टक्के, सीबीडी १ टक्क्याहूनही कमी, हे अगदी नेहमीचं आहे. बॅलन्स्ड आहे म्हणून निर्धास्तपणे दोन-तीन झुरके जास्त मारले की छाती धडधडते, वेळ पुढे सरकत नाही, आपण मरतोय असं वाटायला लागतं, आणि त्या क्षणी त्याला हेही कळत नाही की हे टीएचसीमुळे होतंय, कारण त्याला तर सेफ म्हणून सांगितलेलं.

आणि सीबीडी असलं तरी ते टीएचसीच्या त्रासाविरुद्ध ढाल म्हणून काम करेल हेही गृहीत धरू नका. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ४६ निरोगी लोकांना १० मिलीग्रॅम टीएचसीबरोबर ०, १०, २० आणि ३० मिलीग्रॅम सीबीडी वाफेतून ओढायला देऊन बघितलं, तिप्पट सीबीडी देऊनही स्मरणशक्तीवरचा परिणाम किंवा संशयीपणा कमी झाला नाही.

खाण्याच्या प्रकारांबद्दल तर फॉरवर्ड गप्पच आहे. पोटातून गेलेलं टीएचसी चढायला अर्धा ते दोन तास लागतात. "हायब्रिड आहे, सौम्यच असणार" म्हणून तासाभरात दुसरा तुकडा खाल्ला की दोन्ही एकावर एक चढतात आणि मग कित्येक तास उतरत नाहीत. तेव्हा लेबलवरचं नाव सोडा, टीएचसी किती मिलीग्रॅम लिहिलंय ते वाचा.