लुचियाचे अर्धवट राहिलेले वाक्य

श्रद्धेने भारलेल्या कॅथलिक प्रेमकथा मी आवडीने वाचते असे सांगितले की, त्यांत शृंगार नसतो म्हणून मला त्या आवडत असाव्यात, अशी बहुतेकांची समजूत होते. या कथा सोज्वळ असतात हे खरे, पण केवळ सोज्वळपणासाठी कोणी पाचशे-सहाशे पाने वाचत नाही. मला त्या धरून ठेवतात, कारण तिथे दिलेल्या शब्दाला वजन असते. "मी तुझी" असे एकदा म्हटले की ते मागे घेता येत नाही, ही जाणीव दोघांनाही असते आणि म्हणून ते म्हणण्याआधीचा प्रत्येक क्षण वाचताना जीव मुठीत येतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला अलेस्सान्द्रो मान्झोनी या इटालियन लेखकाच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' (वाग्दत्त वधू-वर) या कादंबरीत सापडले. ती प्रथम १८२७ साली पूर्ण प्रसिद्ध झाली. कथा कोमो सरोवराकाठच्या एका खेड्यातली, १६२८ ते १६३० या काळातली. रेन्झो रेशीम विणणारा तरुण, लुचिया त्याची वाग्दत्त वधू. डॉन रोद्रिगो नावाच्या उमरावाची तिच्यावर वाईट नजर आहे, आणि त्याने पाठवलेल्या गुंडांच्या धाकाने गावचे धर्मगुरू डॉन अब्बोन्दिओ लग्न लावायला तयार नाहीत.

तेव्हा लुचियाची आई एक युक्ती सुचवते. ती समजायला कॅथलिक विवाहातली एक गोष्ट ठाऊक असावी लागते. आमच्याकडे विवाह हा साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, वधू-वर एकमेकांना देतात आणि धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) वतीने साक्षी असतात. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने ठरवले की, वधू-वरांनी आपल्या धर्मगुरूंसमोर आणि दोन किंवा तीन साक्षीदारांदेखत संमती दिली तरच विवाह ग्राह्य धरावा. म्हणजे त्या काळी धर्मगुरूंची इच्छा असो वा नसो, दोघांनी त्यांच्या कानांवर ते शब्द घातले की लग्न लागले! लुचियाला ही फसवाफसवी मुळीच पटत नाही, पण नाइलाजाने ती जाते. रात्रीची वेळ आहे, एक मित्र उसने पैसे फेडायच्या निमित्ताने भावाला साक्षीदार म्हणून घेऊन धर्मगुरूंच्या घरात शिरला आहे आणि त्या दोघांच्या पाठीमागून रेन्झो आणि लुचिया पुढे येतात. रेन्झो म्हणतो, ही माझी पत्नी. लुचिया थरथरत तोंड उघडते, "आणि हा..." एवढेच शब्द बाहेर पडतात, तोच डॉन अब्बोन्दिओ मेजावरचे कापड हिसकून तिच्या डोक्यावर टाकतात आणि तिचे तोंड दाबून धरतात. दिवा खाली पडून विझतो. वाक्य अर्धवटच राहते.

एका अर्ध्या वाक्याने दोन माणसांचे आयुष्य दोन वर्षे लांबणीवर पडते. ज्या कथेत लग्न म्हणजे केवळ एक समारंभ असतो, तिथे हा प्रसंग घडूच शकत नाही. प्रत्येक वेळी वाचताना मला वाटते, या खेपेला तरी ती वाक्य पुरे करील.

पुढे लुचियाला पळवून नेले जाते आणि गडावरच्या कोठडीत जपमाळ हातात धरून ती पवित्र मरियेला नवस बोलते: सुखरूप सुटले तर मी आजन्म कुमारी राहीन. मराठी वाचकाला नवस म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, आणि तो फेडला नाही तर मनाला लागणारी टोचणीही आपण ओळखतो. ती सुटते. पण आता तिच्या आणि रेन्झोच्या मध्ये कोणी उमराव उभा नाही. तिनेच देवाला दिलेला शब्द उभा आहे, आणि प्रेमकथेत याहून अवघड अडचण मी तरी वाचलेली नाही. शेवटी १६३०च्या प्लेगमध्ये, मिलानच्या आजाऱ्यांच्या तळावर, स्वतः मरणाच्या दारात असलेले संन्यासी फ्रा क्रिस्तोफोरो तिला समजावतात की, ज्याला ती आधीच वचनबद्ध होती त्याच्या वाट्याचे तिने देवाला अर्पण केले होते आणि ते तिचे एकटीचे नव्हते. मग ख्रिस्तसभेने दिलेल्या अधिकाराने ते तिला नवसातून मोकळी करतात. त्याआधी त्यांनी रेन्झोला, ज्याने त्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले, त्या मरणासन्न डॉन रोद्रिगोच्या खाटेपाशी नेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायला लावलेले असते. मनात सूड घेऊन रेन्झोला लुचिया मिळत नाही, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली वाङ्निश्चय झालेल्या जोडप्यांना हीच कादंबरी वाचायला सांगितली होती, ते उगाच नव्हे.

या प्रकारातले सगळेच लेखन असे नसते, हेही मला तितक्याच कळकळीने सांगायचे आहे. काही पुस्तकांत देव वधूवर सूचक मंडळ चालवतो: नायिकेने नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, म्हटली की नवव्या दिवशी नायक दारात हजर. अशा कथांनी माझे समाधान होत नाही, कारण प्रार्थना करूनही न मिळालेली माणसे माझ्या घरात, माझ्या शेजारी आहेत. ज्या कथेत प्रार्थनेनंतर नायिकेला लग्नाऐवजी धर्मभगिनी होण्याचे देवाचे पाचारण ऐकू येण्याची खरीखुरी शक्यता असते, जिथे पापनिवेदनानंतर नायकाला काही सोडावे लागते, तीच कथा मला प्रेमाची वाटते.

मी वसईची. आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवारी मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, वेळी वधू-वरांची नावे वाचून दाखवतात आणि कोणाला काही हरकत माहीत असेल तर कळवायला सांगतात. माझे नाव वाचले गेले तेव्हा मी आईच्या शेजारी मान खाली घालून बसले होते. कोणी हरकत घेणार नव्हते हे मला पक्के ठाऊक होते, तरी पुढचे नाव येईपर्यंत श्वास रोखून धरला होता. आमच्या बोलीच्या, आमच्या वाडीतल्या माणसांची, त्या तीन रविवारांवर उभी राहिलेली एखादी मराठी कादंबरी मला मनापासून वाचायची आहे. तुमच्यापैकी कोणी लिहीत असेल तर अवश्य कळवा. हस्तलिखित असले तरी मी बसून वाचीन.