कानात कोण आहे?

काल रात्री दिव्याखाली वाचत पडलो होतो, तेवढ्यात एक किडा माझ्या उजव्या कानात शिरला. खिडकी सताड उघडी होती, खोलीत दुसरेही कान होते. त्याला माझाच आवडला. काही केल्या निघेना, म्हणून दवाखाना गाठला.

"काय होतंय?" शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी विचारलं.

"कानात किडा गेलाय."

त्यांचा चेहरा उजळला. "कोणता?"

आता हे मी कसं सांगणार? आत वाकून बघायची सोय नाही.

"भुंगेरा असणार," त्यांनी परस्पर निकाल दिला. "किड्यांच्या नोंदलेल्या जाती 10 लाखांच्या आसपास, त्यात जवळजवळ 4 लाख नुसते भुंगेरे. वरचे पंख टणक, खालचे नाजूक पंख घडी घालून झाकता येतात. म्हणून तर ते कुठेही घुसतात. सालीखाली, मातीत..."

"कानात," मी म्हणालो.

"शाब्बास!"

इकडे उजव्या कानात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा धिंगाणा चालू, आणि डाव्या कानात व्याख्यान. लहान असण्याचे फायदे झाले. एकाच झाडावर पान कुरतडणारा, खोड पोखरणारा, मुळं खाणारा अशी बिऱ्हाडं कशी सुखाने नांदतात, तेही झालं. अळी पानं खाते, फुलपाखरू मध पितं. आईबाप आणि लेकरं यांच्यात जेवणावरून तंटाच नाही. (इथे मला खरंच हेवा वाटला. आमच्या घरात एका चार्जरवरून तीन पिढ्यांचं वैर आहे.)

"पहिलं उड्डाण यांचं," गृहस्थ रंगात आले होते. "त्यानंतर निदान 10 कोटी वर्षं हवेत दुसरा प्राणीच नव्हता!"

"मग एवढ्या सरावानंतर समोरचा कान चुकवता येऊ नये?"

"चूक दिव्याची. रात्री उजेडाची बाजू म्हणजे आभाळ, असं धरून ते पाठ तिकडे करतात. जवळ दिवा आला की वर-खाली कळेनासं होतं. तुम्ही दिवा लावलात ना?"

म्हणजे गुन्हेगार मी. समोरच्या बाई तर कळवळून म्हणाल्या, "तेल घालू देऊ नका हो, मरेल बिचारा!" सगळी बाकं किड्याच्या पक्षात. वर काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला: 'यापूर्वी हा त्रास?' माणूस एका कानाने बहिरा होऊन उभा आहे, आणि ह्यांना मागचा इतिहास हवा!

डॉक्टरांनी तेल घातलं. खडखड थांबली. चिमट्यातून एक एवढासा पतंग बाहेर आला.

गृहस्थ माझ्या मागोमाग आत आलेच होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना फसवलं. मग स्वतःच सावरले. "हरकत नाही. पतंग-फुलपाखरांच्याही दीड लाखाहून जास्त जाती आहेत." पतंग कागदाच्या पुडीत बांधून ते घेऊन गेले.

फी मी भरली. कान कसा आहे, हे अजून कुणीही विचारलेलं नाही.