बदाम आलं, तरी सोडलं ते बरोबरच

काका, नमस्कार. पोकर या पत्त्यांच्या खेळावरच्या माझ्या लेखावर दादरहून लिहिलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'पोकर म्हणजे निव्वळ नशीब, त्यात सुधारणा कसली? माझ्या भाच्याने मोबाइलवर खेळून दोन पगार घालवले आणि तुम्ही पोरांना शिकवण्या देताय,' असं तुम्ही म्हणता. भाच्याचं वाचून वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पानं नशिबानेच येतात. हातातल्या दोन पानांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते आणि कितीही सराव केला तरी त्यात फरक पडत नाही. सुधारतो तो त्यापुढचा निर्णय. आम्ही शनिवारी लालबागला मित्राच्या घरी चिंचोक्यांवर खेळतो. परवाच्या डावात माझ्याकडे बदामचा राजा आणि नव्वी. खाली सगळ्यांसाठीची चार पानं उघडी, त्यांत दोन बदाम; पाचवं, शेवटचं पान यायचं होतं. आणखी एक बदाम आलं की फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं. एक्का खाली पडलेला, त्यामुळे राजाची जोडी लागून भागणार नव्हतं. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९, म्हणजे साधारण पाचात एक. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १२० चिंचोके, समोरच्याने आणखी ६० लावले. १८० मिळवायला ६० द्यायचे, तर चारात एकदा तरी जिंकायला हवं. त्याच्यापुढे फारसे चिंचोके उरलेही नव्हते. पान लागलं तरी नंतर वसुली नाही. मी फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकून डाव सोडला. कुणीतरी हौसेने पुढचं पान उलटलं, तर बदाम सत्ती! सगळे ओरडले. घरी येऊन वहीत लिहिलं, 'सोडलं, बरोबर.' त्याने ३० च लावले असते तर मी नक्की कॉल केला असता, म्हणजे तेवढेच लावून डावात राहिलो असतो.

ती वही म्हणजेच माझा सराव. आधीची काही वर्षं मी फक्त निकाल बघायचो. चुकीचा कॉल करून जिंकलो की तीच चूक पुन्हा करायचो.

आमचे बाबा चाळीच्या गॅलरीत मेंढीकोट खेळायचे. चार हात झाले की कुठली दश्शी कुणाकडे दडली आहे ते सांगायचे. त्यांना कुणी नशीबवान म्हणत नसे, तल्लख म्हणत.

भाच्याच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. फोनवर डाव इतके भराभर येतात की विचाराला उसंतच नाही, आणि हरलेले पैसे परत काढायच्या नादात माणूस बसून राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, तो मला पटतो.

आणखी एक मान्य. मूळ लेखाचं शीर्षक 'पोकरमध्ये जिंकायला शिका' होतं. त्यातून कमाईचा वास येतो, हे तुम्ही लिहिल्यावर जाणवलं. आज ते बदलून 'पानं कधी टाकावीत' असं केलं आहे.