लंडनची मुलं म्हणे रडली नाहीत

‘दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मुलांवर बॉम्ब पडले, पण ती रडली नाहीत. सरकारनं त्यांना खेड्यात सुखरूप ठेवलं. समुपदेशक कुणाला लागला नाही!’ आजची पोरं कशी नाजूक, हे सांगायला हा मजकूर ग्रुपांवर फिरतोय. एकेक विधान तपासू.

‘खेड्यात सुखरूप’. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांबाहेर हलवले गेले, त्यातली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं. कोटाला नावाची चिठ्ठी, गळ्यात गॅस मास्कचं पुठ्ठ्याचं खोकं. मूल कुठल्या गावी पोचलं हे बऱ्याच आईबापांना त्याचं पोस्टकार्ड आल्यावरच कळलं. कित्येक गावांत लोक हॉलमध्ये येऊन मुलं निवडून न्यायचे. चुणचुणीत आधी संपायची. ‘भावाला सोडून जाणार नाही’ म्हणणारी ताटकळायची. काहींना मायेची घरं मिळाली, हेही खरं.

पण राहिली किती? बॉम्ब पडेनात म्हणून जानेवारी १९४० पर्यंत जवळजवळ निम्मी घरी परतली, आणि ७ सप्टेंबरला लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला. त्याच महिन्यात ‘सिटी ऑफ बनारस’ हे कॅनडाला निघालेलं जहाज पाणबुडीनं बुडवलं. मुलांना परदेशी सुरक्षित पाठवण्याच्या सरकारी योजनेतल्या ९० मुलांपैकी ७७ गेली. बरोबर कितीतरी हिंदी खलाशीही बुडाले. त्यांच्या पोरांचा हिशेब तर कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतो. २० जानेवारी १९४३ ला लंडनमधल्या कॅटफर्डच्या शाळेवर भरदुपारी बॉम्ब पडला. ३८ मुलं गेली.

‘रडली नाहीत’ हे कुणी पाहिलं? १९३९ च्या त्या शरद ऋतूत गावोगाव तक्रार एकच: मुलं अंथरूण ओलं करतात. दोष शहरातल्या गरीब आयांच्या वळणाला दिला गेला. आईपासून तुटलेलं मूल रात्री आणखी काय करणार? लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये युद्धकाळात पाळणाघरं चालवणाऱ्या मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांचं निरीक्षण होतं की लहान मुलं आई जवळ असेल तर बॉम्बहल्लेही बऱ्यापैकी सोसतात. ताटातूट जास्त लागते.

‘समुपदेशक लागला नाही’ हे तर साफ उलटं आहे. बोल्बी, विनिकॉट आणि मिलर या मुलांच्या मनावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी डिसेंबर १९३९ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून लहानग्यांना आईपासून तोडण्याचे धोके सांगितले होते. पुढे, कुठल्याच घरात न टिकलेल्या मुलांसाठी ऑक्सफर्डशायरमध्ये वेगळी वसतिगृहं काढावी लागली, आणि तिथे मनोविकारतज्ज्ञ म्हणून जायचे ते हेच विनिकॉट.