लेण्याचं छप्पर म्हणजे वरची जमीन

गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना गेटवेवरून लाँचमध्ये बसवून घारापुरीला नेतो. न्यायलाच हवं. पण घारापुरीच्याही आधीचं एक प्रचंड शिवलेणं जोगेश्वरी पूर्वेच्या वस्तीत आहे, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, आणि पश्चिम उपनगरात जन्म काढलेल्या कितीतरी मराठी माणसांनी ते एकदाही पाहिलेलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेण्यांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या वॉल्टर स्पिंक यांनी जोगेश्वरीचा काळ इ.स. ५२० ते ५५० च्या आसपास धरला आणि हे भारतातलं पहिलं मोठं हिंदू लेणं मानलं. पूर्वेच्या बाजूने खडकात कोरलेल्या पायऱ्या उतरून आत जायचं. आधी एक मंडप, मग वर आभाळ दिसणारं मोकळं अंगण, मग पुन्हा दार आणि त्यापलीकडे खांबांचा मोठा सभामंडप. त्याच्या मधोमध सुटा गाभारा, चारही बाजूंना दारं असलेला. भोवती प्रदक्षिणेला जागा. सरळ चालत राहिलात तर पश्चिमेच्या दाराने बाहेर. डोंगर पोखरून इतका लांब, दोन्ही टोकांनी उजेड घेणारा रस्ता काढायचा आणि देवाला मधोमध बसवायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दंडवत घालावासा वाटतो. हाच चार दारांचा गाभारा पुढे घारापुरीला दिसतो, वेरूळच्या डुमार लेण्यातही दिसतो. म्हणजे घारापुरीच्या त्या भव्य सदाशिवाकडे जाणारी वाट जोगेश्वरीवरून जाते, आणि हे आपण मुलांना सांगत नाही.

आज गाभाऱ्यात योगेश्वरी देवी आहे. रोज पूजा होते, महाशिवरात्रीला गर्दी असते. हे मला फार मोलाचं वाटतं. जिथे दिवा लागतो तिथे निदान कोणीतरी रोज येतं.

आता दुखणं. पूर्वेकडच्या भागात शिवपार्वतीचा सारीपाट आणि त्यांचा विवाह कोरलेला आहे. जवळ जाऊन पाहा. चेहरे राहिलेले नाहीत. खांद्याची गोलाई, कमरेचा बाक, एखाद्या हाताची रेघ एवढंच उरलंय, आणि त्यावरून बोट फिरवलं तर भुगा हाताला लागेल अशी अवस्था (कृपा करून फिरवू नका). इथला दगड घारापुरीच्या मानाने ठिसूळ. त्यात पाणी मुरतं, सुकतं, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यातलं पाणी हा डोंगर दीड हजार वर्षं सोसत आलाय. पण आता वर घरं आहेत, मोऱ्या आहेत, गटारं आहेत. म्हणजे मुरणं बाराही महिने.

बांधलेल्या देवळाचं छप्पर गळलं तर शिखर दुरुस्त करता येतं, एखादा दगड बदलता येतो. लेण्याला वेगळं छप्पर नसतं. वरची जमीन हेच त्याचं छप्पर. तिथे कोणी नळ जोडला, पाया खणला, सांडपाणी सोडलं, तर ते थेट देवळाच्या माथ्यावर. म्हणून खाली गेट, पाटी आणि पहारेकरी ठेवून जोगेश्वरी वाचणार नाही. जपायचं असेल तर वरून जपायला हवं.

कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. अतिक्रमणाचा विषय उच्च न्यायालयापर्यंतही गेला. पण वर राहणाऱ्यांना शिव्या घालणाऱ्या पोस्टी मला पटत नाहीत. मुंबईत डोक्यावर छप्पर मिळवणं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या कुटुंबांना जवळपासच, हक्काचं, पक्कं घर द्या. आणि ते होईपर्यंत निदान सांडपाण्याच्या बंदिस्त वाहिन्या टाकून ते पाणी लेण्यापासून दूर न्या. हे काम पुरातत्त्व खात्याच्या एकट्याच्या हातात नाही, पालिकेलाही यात उतरावं लागेल. नगरसेवक, आमदार मत मागायला येतील तेव्हा रस्त्यांबरोबर हाही प्रश्न विचारा.

बोरिवलीचं मंडपेश्वर बघा. पोर्तुगीजांनी त्याच्यावर चर्च आणि मठ उभारला, एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही आहे. तरी तिथला नटराज, भंगलेला का होईना, ओळखता येतो. समोर मोकळी जागा राहिली, लेण्याला श्वास घेता आला. जोगेश्वरीला तेवढंही मिळालेलं नाही.

पावसाळा ओसरला की जा. पूर्वेने शिरा, पश्चिमेने बाहेर पडा, मुलांना बरोबर न्या. आणि एक विनंती: तुमच्या घरी आजोबा-वडिलांच्या काळातले जोगेश्वरी लेण्याचे फोटो असतील, अगदी सहलीचे, मागे मूर्ती दिसणारे, तर इथे कमेंटमध्ये टाका, साधारण सालासकट. कुठली मूर्ती किती झिजली हे लावून बघायला त्यांचा उपयोग होईल.