मशीन 'हाय' म्हणतंय: त्या 40 दिवसांच्या चूर्णाच्या मेसेजबद्दल

गड्डा यात्रा झाल्यापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज चारदा आलाय, तुमच्याकडं पण आला असेलच. थोडक्यात असा: शुगर म्हणजे स्वादुपिंडातला इन्सुलिनचा जीन बंद पडणे, मेथी-जांभूळ बी-कारल्याचं चूर्ण 40 दिवस घ्या, झोपलेले सगळे जीन जागे होतात, सुई कायमची सुटते, परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. एरवी असल्याला अंगठा दाखवून मी पुढं जातो. पण आमच्या काकांनी ते मनावर घेतलं आणि सुई बंद केली. नवव्या दिवशी सकाळी मला फोन, "अरे मशीन बिघडलं की रे, आकडाच दाखवंना, हाय म्हणतंय." त्यांच्या मशीनवर शुगर 600 च्या पुढं गेली की आकडा येत नाही ओ, इंग्रजीत एच आय येतं. तिथनं सरळ ॲडमिट. आता बरे आहेत.

तर 'जीन बंद पडला' हे आधी. जीन म्हणजे पेशीनं काय बनवायचं त्याची लिहून ठेवलेली कृती. इन्सुलिनचा जीन 11 नंबरच्या क्रोमोसोमवर, म्हणजे असल्या कृत्यांच्या धाग्यावर, असतो आणि अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो, तुमच्या कातडीत पण, फक्त तिथं त्याला कुणी वाचत नाही. काकांनी जन्मभर जॅकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरनं डिझाइन काढणाऱ्या मागावर, चादरी काढल्यात, त्यांना मी असं सांगितलं की समजा कारखान्यात प्रत्येक मागाशेजारी सगळ्या डिझाइनची भोकं पाडलेली कार्डं ठेवलीत, तरी मोराच्या मागावर मोरच निघतो, कारण चढवलीत तीच कार्डं. कुठली चढवायची ते ठरवणारे जॉबर, म्हणजे माग लावून देणारे मुकादम, पेशीत पण असतात, पीडीएक्स-1, एमएएफए असल्या नावांची प्रथिनं. स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके असतात, लँगरहान्सची बेटं, 1869 ला पॉल लँगरहान्सनं त्यांचं वर्णन केलं, सगळी मिळून स्वादुपिंडाच्या 1-2 टक्केच भरतात. त्यातल्या बीटा पेशींत इन्सुलिनचं कार्ड जोरात चालू असतं. टाइप 1 मध्ये कार्ड बंद पडत नाही, शरीराची स्वतःचीच फौज बीटा पेशी मारून टाकते. मागच जळाला तर कार्ड काय चढवणार? टाइप 2 मध्ये उलट सुरुवातीला इन्सुलिन भरपूर निघतं पण अंग त्याला दाद देत नाही, मग वर्षानुवर्षं डबल पाळी करून बीटा पेशी दमतात, आणि शुगर सतत चढलेली राहिली की ते जॉबरच ढिले पडतात, इन्सुलिनचं वाचन कमी होतं. म्हणजे मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, पण त्यावर उपाय शुगर खाली आणणं, आणि काकांच्या बाबतीत ते काम करत होती ती सुईच, जी त्यांनी बंद केली.

'सगळे जीन जागे होतात' हे वाचून तर मला घामच फुटला. बीटाच्या शेजारीच अल्फा पेशी बसल्यात, त्या ग्लुकागॉन काढतात, ते लिव्हरला साखर सोडायला लावतं. सगळं जागं केलं तर तेपण जागं होणार की! आणि गंमत बघा, ग्लुकागॉनचा जो जीन आहे तोच आतड्यातल्या काही पेशी पण वाचतात, पण तिथं कापणारी कात्री वेगळी, म्हणून त्याच ताग्यातनं जीएलपी-1 नावाचं दुसरंच हार्मोन निघतं, ज्याच्या नकलेची वजन उतरवायची इंजेक्शनं सध्या गाजतायत. एका जीनचं कुठल्या पेशीत काय होतं ह्यावर सगळा खेळ आहे. चूर्णाला ते कळतंय होय?

मेथीबद्दल माझी तक्रार नाही, तिच्यातल्या चोथ्यामुळं जेवणातली साखर रक्तात हळू चढते, कडक भाकरीबरोबर खुशाल खा. ते आतड्यातलं काम झालं, बीटा पेशीच्या कार्डाशी त्याचा संबंध नाही.

परदेशी शास्त्रज्ञांचं म्हणाल तर 2016 ला बऱ्याच टीमनी दान केलेल्या स्वादुपिंडातली एकेक पेशी सुटी करून कुठला जीन किती वाचला जातो ते मोजलं. मोजलं, चालू नाही केलं. शुगर औषधाशिवाय नॉर्मलला येते हे पण दिसलंय, 2017 च्या ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात वर्षभरानं 46 टक्के लोकांची आली, पण ते सगळे टाइप 2 चे, शुगर लागून जास्तीत जास्त सहा वर्षं झालेले, इन्सुलिनवर एकही नाही, आणि त्यांनी काही महिने दिवसाला साधारण 850 कॅलरीवर काढून वजन उतरवलं होतं. काका 14 वर्षांपासूनचे, सुईवरचे.

आणि ज्याला स्वादुपिंड नवं झाल्याचा दावा करायचाय त्याच्यासाठी साधी टेस्ट आहे, सी-पेप्टाइड. बीटा पेशी इन्सुलिन कापून वेगळं करते तेव्हा 31 अमिनो ॲसिडचा हा तुकडा बरोबरीनं बाहेर पडतो, सुईतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणजे अंगात दिसला तर तुमच्याच पेशीनं काढलेला. मेसेज पाठवणाऱ्या भाऊंना मी ग्रुपवरच म्हणालो, चूर्णाच्या आधीचा आणि 40 दिवसांनंतरचा, दोन्ही रिपोर्ट टाका. दोन निळ्या टिका आल्यात, रिपोर्ट अजून आला नाही.